काकांनी ओरडणं सोडलं

“कान हायेत का नुसती भोकं?”

आमच्या कंपनीत सकाळची पाळी सुरू झाली हे भोंग्यावरून कळायचं नाही, या वाक्यावरून कळायचं. त्याच्या पाठोपाठ एक शब्द यायचा, तो इथे छापता येणार नाही. मग आणखी एक. तोही नाही. मी पहिल्या मजल्यावर लॅबमध्ये सॅम्पल तपासत बसलेली असायचे. खाली प्लांटमध्ये पंप, मोटारी, वाफेचे फुसकारे, नुसता गदारोळ. पण त्या सगळ्यावर चढून काकांचा आवाज आमच्या टेबलापर्यंत यायचा. लॅबमध्ये नवी मुलगी लागली की पहिल्या आठवड्यात घाबरायचीच. तिला वाटायचं, खाली मारामारी जुंपलीय. आम्ही सांगायचो, “अगं, काही नाही, काका कुणाला तरी हेल्मेट घालायला सांगतायत.”

तुमच्याही पाहण्यात असेल असा एखादा तोंडाळ माणूस. गल्लीत असतो, ऑफिसात असतो, नातेवाइकांत तर असतोच. आपण त्याला टाळतो, त्याच्या नकला करतो आणि तो म्हणतो ते निमूट करतो. आमचे काका तसे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत ते शिफ्ट इन्चार्ज होते. पाळीतली सगळी माणसं आणि सगळी मशिनं त्यांच्या ताब्यात. गाव मुरबे. बापाची होडी होती, पण तीन भाऊ आणि एक होडी, म्हणून हे कंपनीत आले. “मुरब्यात आमी सगळेच असे बोलतो,” ते म्हणायचे, “त्याला आमच्यात भांडण नाय म्हणत, गप्पा म्हणतात.” कंपनीत मात्र बिहारचे, उत्तर प्रदेशचे, साताऱ्या-सांगलीचे, इकडच्या डोंगरातले, सगळ्या मुलखांचे लोक. त्यांना वाटायचं, म्हातारा खवळलाय. ते पळत सुटायचे आणि सांगितलेलं करायचे.

मला ते “ए पोरी” म्हणायचे. मी रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, उमरोळीहून रोज स्कुटीवर ऐटीत येणारी. मला ते झोंबायचं. एकदा मी फणकाऱ्याने म्हणाले, “काका, मला नाव आहे.” ते म्हणाले, “नाव हाय तर हातमोजे कुठं हायेत? बोटं गेल्यावर नाव कशानं लिवशील?” मी हातमोजे आणायला गेले.

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. काका नुसते खालच्यांवर ओरडत नसत. ते वरच्यांवरही ओरडत. एका पंपाचं सील गळत होतं. काकांनी सांगून पाहिलं, कुणी हललं नाही. मग ते बरबटलेल्या बुटांनिशी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. खाली नवाकोरा गालिचा. काका म्हणाले, “साहेब, ही खुर्ची उचलून पंपापाशी ठेवू का? जेवण पण तिथंच पाठवतो. मग सांगा सील बदलायचं का नाय.” हे असं, व्हरांड्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्याच दिवशी सील बदललं. गालिचाही बदलावा लागला म्हणतात.

प्लांटच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे मशीनमधून ओला माल फावड्याने काढायचा असतो. त्या मालातून वाफ सुटते. ती डोक्यात चढते, छातीत उतरते. ती ओढून बाहेर टाकण्यासाठी भिंतीत मोठा पंखा बसवलेला, त्याला आम्ही ब्लोअर म्हणायचो. ब्लोअर नुसता कुरकुरला तरी काका सगळ्यांना बाहेर काढायचे, खोलीला कुलूप घालायचे आणि किल्ली खिशात टाकून दारात बसायचे. माल अडकायचा. फोनावर फोन. मॅनेजर घामाघूम. काका दारात बसून वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या खानदानाचा उद्धार करायचे. मग कुठून तरी फिटर यायचा, ब्लोअर दुरुस्त व्हायचा आणि किल्ली खिशातून बाहेर निघायची.

या किल्लीने मॅनेजरच्या नाकी नऊ आणले होते. काकांना काढून टाकावं तर प्लांट चालवणारं दुसरं माणूस नाही. म्हणून त्यांनी शहाणपणाची वाट काढली. काकांना सुधारायचं ठरवलं.

केळव्याच्या एका रिसॉर्टवर दोन दिवसांचं शिबिर झालं. आम्हा सगळ्यांना नेलं, म्हणजे एकट्या काकांना नेलं असं दिसायला नको. शिबिर घेणारा तरुण होता, गोरागोमटा, गालाला माइक चिकटवलेला. त्याने विचारलं, “जग बदलायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?” आम्ही शाळेतल्यासारखे ओरडलो, “स्वतःपासून!” तो म्हणाला, “मोठ्याने!” आम्ही आणखी मोठ्याने ओरडलो. काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “ओरडायला शिकवतोय काय हा?”

मग त्याने आम्हाला किनाऱ्यावर नेलं. एकेक दगड उचला, हा तुमचा राग आहे असं समजा आणि समुद्रात फेकून द्या. काका म्हणाले, “दर्या कोणाचं काय ठेवून घेत नाय. आज टाकशील, उद्या वाळूवर आणून देईल.” सगळे हसले. तो पोरगाही हसला. काकांनी दगड फेकला तो मात्र सगळ्यांच्या पलीकडे गेला.

इथपर्यंत सगळी मौजच होती. पण संध्याकाळी त्याने डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, “तुम्हाला सगळ्यात जास्त कोण घाबरतं, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.” मी मॅनेजरचा चेहरा आणून हसू दाबत होते. एक डोळा किलकिला करून पाहिलं तर काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसतही नव्हते.

परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, “माझी नात हाय ना, चार वर्षांची. मी घरात पाय टाकला का पलंगाखाली जाते. मला वाटायचं, खेळते माझ्यासंगं. मी पण वाकून भॉक करायचो.” मग हळूच म्हणाले, “खेळत नव्हती ती, पोरी.”

त्यानंतर त्यांनी मला पोरी म्हटलं नाही. सोमवारी सकाळी लॅबच्या दारात उभे राहून, उजवा हात छातीवर ठेवून, श्वास आत घेऊन म्हणाले, “मॅडम, सॅम्पल आणलंय. तपासता का?” माझ्या हातातून काचेची नळी पडायची राहिली. बोलण्याआधी छातीवर हात ठेवायचा, श्वास घ्यायचा, मग बोलायचं, असं त्या पोरट्याने शिकवलं होतं. आम्ही सगळे एका आठवड्यात विसरलो. काका विसरले नाहीत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना? काकांची गेली. साठीला टेकलेल्या माणसाने जन्माची जीभ मोडून दाखवली.

कंपनीने गेटवर माणसाएवढा आरसा लावला. वर लिहिलेलं, ‘बदल हवाय? मग याला बदला.’ बाकीचे त्यात भांग पाडायचे. काका रोज त्याच्यासमोर उभे राहून हात जोडायचे. बिहारचा एक पोरगेला ऑपरेटर त्यांना चिडवायचा, “चाचा, शीशे में कौन है?” काका म्हणायचे, “मेरा पुराना दुश्मन है. रोज देखना पडता है.” पूर्वी असं चिडवलं असतं तर त्या ऑपरेटरने घरचा रस्ता धरला असता.

आणि खरं बोलायचं तर घरी काहीतरी चांगलं झालं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. नारळी पौर्णिमेला त्यांनी लॅबमधल्या आम्हाला मुरब्याला जेवायला बोलावलं. नात त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढत होती. काकी आम्हाला वाढताना म्हणाल्या, “घर कसं गप झालंय बघा. शेजारी विचारतात, म्हातारा आजारी हाय काय?” काका नुसते हसले. नातीला घास भरवत मला म्हणाले, “आधी आपुन, मॅडम. आपुन बदललो का समोरचा बदलतो. हिला बघा.” मी बघितलं. त्या दिवशी मलाही ते पटलं होतं.

समोरचा चार वर्षांचा असेल तर बदलतो. मॅनेजर असेल तर नाही बदलत. हे मला लवकरच कळलं, काकांना कळलं नाही.

पुढे ब्लोअर बंद पडला. कुरकुरला नाही, ठप्पच झाला. काका मॅनेजरच्या केबिनबाहेर बूट काढून आत गेले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “साहेब, विनंती हाय. ब्लोअर बघायला पायजे.” मॅनेजर म्हणाले, “नक्की काका, बघू या. बसा ना, चहा घ्या.” काका चहा घेऊन बाहेर आले. असे ते किती वेळा आत गेले आणि चहा पिऊन बाहेर आले, मी मोजलं नाही. दरवेळी बाहेर येऊन म्हणायचे, “साहेबांना पण वरून ताप असतो. समजून घ्यायला पायजे.” खोलीला कुलूप लागलं नाही. माल निघत राहिला.

मी एकदा त्यांना जिन्यात गाठलं. म्हणाले, “काका, ओरडा की जरा! किल्ली कुठे गेली तुमची?”

“किल्ली म्हंजे दादागिरी, मॅडम. तेनं माणूस वाकतो, सुधरत नाय.”

“नाही सुधारला तरी चालेल! ब्लोअर सुधारला म्हणजे झालं!”

त्यांनी छातीवर हात ठेवून श्वास घेतला. मग अगदी प्रेमाने म्हणाले, “तुमाला राग आलाय. पाणी प्या.” खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

हातावर हात धरून मात्र ते बसले नव्हते. त्या खोलीत काम करणाऱ्यांना ते ओलं फडकं तोंडाला बांधायला लावायचे, आळीपाळीने बाहेर बसवायचे. स्वतःचा चांगला मास्क त्यांनी जानूला देऊन टाकला होता. जानू म्हणजे मनोरच्या पुढच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा, कंत्राटावरचा कामगार. चार महिने डोंगरउतारावर नाचणी-वरई करायची, उरलेले महिने बोईसरला फावडं मारायचं. काटक, अबोल. काकांच्या जुन्या शिव्यांवर तोंड फिरवून हसणारा एकटा तोच.

एका दुपारी जानू काकांना म्हणाला, “डोकं गरगरतंय.” पूर्वीचे काका असते तर पहिला शब्द शिवी आणि दुसरा “भाईर नीघ!” आणि तिसऱ्या शब्दाला सगळी खोली रिकामी. या काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “बस जरा. पाणी पी. बरं वाटलं का जा.” जानू बसला, पाणी प्यायला आणि बरं वाटल्यावर पुन्हा आत गेला. साहेबांना संध्याकाळी माल हवा होता आणि काका म्हणाले तसं त्याला बरं वाटलंही होतं.

तो आत मशीनपाशीच कोसळला. त्याला ओढून बाहेर काढलं तेही काकांनीच, तोंडाला काही न बांधता. जानू वाचला. पण छाती गेली. दवाखान्यातून महिन्याने बाहेर आला तेव्हा बोलताना अर्ध्या वाक्यात थांबून श्वास घ्यायचा. डॉक्टरांनी सांगितलं, चढ नको, ओझं नको. डोंगरावरच्या माणसाला सांगतात, चढ नको!

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ब्लोअर दुरुस्त झाला. इतके दिवस मिळत नसलेला भाग एका रात्रीत मिळाला. चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा तो भिंतीत मस्तपैकी गुणगुणत होता.

चौकशीत एकच गोष्ट ठरायची होती. वाफ कोंडली ती ब्लोअर बंद होता म्हणून, की माणसांनी हलगर्जी केली म्हणून? पहिलं ठरलं तर कंपनी अडकणार होती आणि जानूच्या घरी काहीतरी पोचणार होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांनी अळीमिळी गुपचिळी केली. नोकरी कुणाला नको असते? मी सांगितलं. स्पष्ट सांगितलं, ब्लोअर बंद होता, बरेच दिवस बंद होता. साहेब म्हणाले, “तुम्ही तर वर लॅबमध्ये असता ना?” मी म्हणाले, “काकांना विचारा.” मला खात्री होती. शिव्या सोडल्या तरी माणूस खरा होता.

काका आले. छातीवर हात. श्वास. शेजारच्या खुर्चीवर मॅनेजर बसलेले.

साहेबांनी विचारलं, “ब्लोअर बंद होता का?”

काका म्हणाले, “पंख्याचं सोडा साहेब. मशीन हाय, बंद पडतं. माणूस जागा पायजे. तो बोलला मला, डोकं गरगरतंय. मी त्याला भाईर काढायला पायजे होता. मी नाय काढला. दुसऱ्याकडं बोट दाखवायला मला जमणार नाय. चूक माझी.”

साहेबांची लेखणी थांबली. मॅनेजरनी मान खाली घातली. दुःखाने घातली असेल असं मला वाटत नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, हे आपण ऐकलेलं असतं. इथे संन्यासी स्वतः चालत गेला, सुळाला नमस्कार केला आणि वर चढला. मी बाहेर त्यांना अडवलं. माझा तोल गेला होता. “काका, हे काय केलंत? तुमची चूक असेल चिमूटभर. त्यांची ढीगभर होती! ती का झाकलीत?”

“आधी आपुन, मॅडम,” ते म्हणाले. “मी माझी चूक मानली, तर त्यांना पण लाज वाटंल. मानतील ते पण.”

लाज! त्यांनी काकांचा सत्कार केला. खोटं वाटेल, पण केला. शाल, नारळ. तो शिबिरवाला पोरगा पुन्हा आला आणि त्याने काकांची गोष्ट सांगितली: जबाबदारी घेणारा माणूस. गोष्टीत ब्लोअर नव्हता. जानूही नव्हता, नुसता ‘एक छोटा अपघात’ होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतरच्या महिन्यात मॅनेजरनी काकांना बोलावून सांगितलं, आता आराम करा. काकांनी त्यांचेही आभार मानले आणि मुरब्याला गेले. कंत्राटदाराने जानूच्या बायकोला सांगितलं, कंपनीची चूक नाही असं ठरलंय, आता आमच्याकडून काही मिळायचं नाही.

हे काकांना मी सांगितलं. मुद्दाम मुरब्याला जाऊन सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. नात अंगणात खेळत होती, तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “मला तिकडं न्याल?”

स्कुटीवर त्यांना मागे बसवून मी मनोरच्या पुढे गेले. रस्ता संपला तिथून डोंगर चढलो. काकांच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी. जानू पडवीत खाटेवर बसला होता. आम्हाला पाहून उठायला लागला, काकांनी त्याला बसवलं. आणि पायाशी बसून, सगळ्यांसमोर, हात जोडून म्हणाले, “चुकलो रे मी.” जानूला कसंसंच झालं. तो “नाय, नाय” म्हणत राहिला आणि मध्येच श्वास घेत राहिला.

त्याची बायको रखमी दारात उभी होती. चिखलाने भरलेले पाय, एकटीने रोपं लावून नुकतीच खाली आलेली. तिने पिशवी घेतली नाही.

“हा कामावरून यायचा नं, हसायचा,” ती काकांना म्हणाली. “म्हातारा लय बोंबलतो, म्हणायचा. पण आमाला भाईर काढतो. मंग तुमी बोंबलायचं सोडलं. तुमी चांगले झाले. लय चांगले झाले. त्याच्यानं आमचं काय झालं?”

काकांनी छातीवर हात नेला. तो तिथेच राहिला. श्वास घेतला, पण पुढे शब्द आला नाही.

उतरताना ते एकदाही थांबले नाहीत. स्कुटीपाशी आल्यावर म्हणाले, “मॅडम, त्या चौकशीवाल्या साहेबांकडं जाऊ. खरं सांगतो. पंखा बंद होता म्हणून सांगतो.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, उशिरा का होईना, आले वळणावर.

ठरल्या दिवशी आम्ही पालघरच्या कचेरीत गेलो. रखमीला निरोप दिला होता. ती पहिल्या गाडीने आली होती, धुतलेलं लुगडं नेसून. तिला आत सोडलं नाही, म्हणून ती बाहेर बाकावर बसली.

साहेब आम्हाला ओळखत होते. उठून उभे राहिले. काकांना खुर्ची दिली. “या काका. तुमच्यासारखा माणूस मी नोकरीत पाहिला नाही, आमच्याकडे सगळ्यांना सांगतो मी.”

काका म्हणाले, “साहेब, विनंती हाय. पंखा बंद होता.”

“असेल हो काका. पण आता तुमचा जबाब झालाय, अहवाल वर गेलाय. तुम्ही स्वतःहून बोलला होता, कुणी जबरदस्ती केली नव्हती. आता बदलला तर लोक काय म्हणतील? कुणीतरी पैसे चारले म्हणतील. तुमचं नाव चांगलं आहे, ते खराब करू नका.”

“पण खरं हाय साहेब.”

“मला मान्य आहे ना. चहा घेणार?”

मी ती चहाची थाळी येताना पाहिली आणि माझं डोकं फिरलं. “काका,” मी म्हणाले, “ओरडा. टेबलावर हात आपटा. तोंडात येईल ते बोला, मी कान झाकत नाही. पण ओरडा!” साहेब म्हणाले, “मॅडम, शांत व्हा.” शिपाई दारात येऊन उभा राहिला.

काका उठले. टेबलाच्या कडेला त्यांनी दोन्ही हात टेकले. मानेच्या शिरा टरारून फुगल्या, चेहरा लाल झाला. मी वाट पाहिली. साहेबांनीही पाहिली, जरा मागे सरकून.

“साहेब,” काका म्हणाले, “विनंती हाय.”

मग ते खाली बसले. साहेबांनी कप त्यांच्यापुढे सरकवला आणि त्यांनी तो घेतला. बशीत चहा सांडला. बाहेर पडताना जिन्याच्या कठड्याला धरून ते मला म्हणाले, “येत नाय, पोरी. लय दाबला. आता आतून येतच नाय.”

मी त्यांचा हात धरला नाही. धरायला हवा होता, असं आज वाटतं, पण तेव्हा माझ्या मनात फक्त संताप होता. त्यांचा, त्या साहेबाचा, त्या गालाला माइक लावणाऱ्याचा.

रखमी बाकावरून उठली. “बोलले?” तिने विचारलं.

“बोललो,” काका म्हणाले.

“मोठ्यानं?”

काकांनी मान खाली घातली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला काय ते कळलं. तिने आपली पिशवी काखेत मारली आणि मनोरच्या गाडीकडे चालू लागली. काका दोन पावलं तिच्या मागे गेले. “बाय,” त्यांनी हाक मारली, “बाय, थांब जरा.”

समोरच्या स्टँडवर गाड्यांचा आवाज होता. तिला ऐकू गेलं नाही.